किल्ल्यावरच्या देवळाबाहेर

अण्णा गेल्याचं मला जपानमध्ये कळलं, एका कारखान्याच्या वसतिगृहातल्या फोनवर. फोन ठेवून मी जेवायला गेलो. त्या दिवशी भात, मुळ्याचं लोणचं आणि कसलंसं पातळ सूप होतं. सगळं संपवलं, ताट धुऊन जागेवर ठेवलं आणि खोलीत जाऊन टीव्हीवर लागलेला स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत बसलो. त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. एक बाई वांगं कापत होती, एवढं आठवतं. पुढे बरीच वर्षं लोक मला विचारत, परदेशात एकटा असताना असं कळल्यावर काय वाटलं असेल रे तुला? मी सांगायचो, काही नाही वाटलं. कुणाला ते खोटं वाटायचं आणि कुणाला मी दगड वाटायचो. दोन्हीला माझा इलाज नाही. खरंच काही वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. आमच्या मालकांनी एका जपानी कंपनीशी करार केला होता. यंत्र त्यांचं, बनवायचं आम्ही. पण त्या यंत्राचा लोखंडी बेड, म्हणजे ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो पाया, शेवटी हातानंच सपाट करावा लागे आणि ते काम आमच्याकडे कुणालाच त्यांच्या पद्धतीनं येत नव्हतं. सपाट पट्टीला निळा रंग लावायचा, ती बेडवर घासायची, जिथे रंग उतरेल तो उंचवटा हातातल्या पात्यानं खरवडायचा. मग पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवडणं. हे शिकायला मालकांनी तीन महिन्यांसाठी मला पाठवलं. माझ्यापेक्षा जुने दोघे इच्छुक होते. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं सुख-दुःख नव्हतं. तसेही ते फारसं बरं काही बोलत नसत.

आमचं घर यशवंतपूरला. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले असं अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगत. कशावरून, असं विचारलं की चिडत. जन्मभर सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नोकरी केली, पण बोलणं असं की गृहस्थ कालच घोड्यावरून उतरले आहेत. महाराष्ट्रातला एकही किल्ला त्यांनी पाहिला नव्हता. पाहिला होता तो आमचा सिटी मार्केटजवळचा, म्हणजे त्याचा उरलेला दरवाजा आणि थोडी भिंत. बसमधून तिथून जाताना दर वेळी, "हे काय किल्ले! किल्ले आपल्याकडचे," असं शेजारच्या अनोळखी माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. लहानपणी मी खिडकीबाहेर बघत बसायचो, जणू हे माझे कुणी नव्हेत.

माझं जपानला जायचं ठरल्यावर त्यांनी दुधाच्या रांगेतल्या एकाही माणसाला सोडलं नाही. मला म्हणाले, "त्यांच्याकडे पण किल्ले आहेत म्हणे. एखादा बघून ये. आपल्यापुढे कसे काय आहेत ते मला सांग." आणि विमानतळावर, आत जायच्या वेळी, म्हणाले, "पुरतं शिकून ये. काय वाट्टेल ते होवो, अर्धवट टाकून यायचं नाही." आई त्यांच्या अंगावर ओरडली, निघताना असलं काय बोलता म्हणून. त्यांचं बोलणंच तसं, समोरच्याच्या छातीवर पाय ठेवल्यासारखं. मीही वैतागलो होतो. बरं बरं म्हणून आत गेलो.

फोन काकाचा होता. अण्णांचा धाकटा भाऊ, आमच्याच गल्लीत राहणारा. नाक्यावरच्या आयएसडी बूथवरून बोलत होता आणि मागे कुणीतरी कन्नडमध्ये भांडत होतं.

"अण्णा गेले रे," काका म्हणाला. "काल सकाळी. दूध घेऊन आले, पिशवी ठेवली, स्वल्प बसतो म्हणाले, आणि झालंच."

"आई?"

"आहे. बसलीय." मग तो घाईनं बोलायला लागला. "काल दिवसभर तुझा फोन लागलाच नाही. किती वेळ ठेवणार? अग्नी मी दिला. आता दहाव्याचं बघायचं. भटजी म्हणतात, मुलगा पोचत असला तर त्यानंच करायला पाहिजे. नसला पोचत तर मी आहेच. तू येतोस काय नाही, तेवढं सांग मला. आत्ता नको सांगू. रविवारी संध्याकाळी परत करतो."

"सरी," मी म्हणालो. ठीक आहे, याअर्थी आमच्या घरात दिवसातून शंभरदा येणारा कन्नड शब्द. आई फोनवर आलीच नाही, आणि मीही तिला बोलवा म्हणालो नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच होता, की अण्णांचा दहावा मी करायचा की काकानं. त्यांना मी एकटाच मुलगा. जायचं तर जपानी लोकांना सांगायला हवं, आणि सांगितलं की ते त्याच दिवशी तिकिटाच्या मागे लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणजे शिक्षण निम्म्यावर सुटणार. मालक काही पुन्हा पाठवणार नाहीत. आणि अर्धवट टाकून येऊ नकोस, हे जो माणूस बजावून गेला त्याच्याचसाठी ते टाकून जायचं. नाही गेलो तर तिकडे बापाचे पिंड काका ठेवणार आणि मी इकडे लोखंड खरवडत असणार. दोन्ही बाजू मला स्पष्ट दिसत होत्या. फक्त त्यांच्यापैकी एकही मला टोचत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली अडचण ऐकावी, तसं ते ऐकू येत होतं.

रोज सकाळी ठरवायचो, आज सांगून टाकू. इंग्रजी वाक्य तयार केलं होतं, अगदी सोपं, शाळेतल्या पोरालाही येईल असं. ते घोळवत घोळवत कारखान्याच्या फाटकातून आत जायचो आणि विभागप्रमुख समोर आले की गुड मॉर्निंग म्हणायचो. मग दिवसभर रंग, पट्टी, पातं. संध्याकाळी आंघोळ, जेवण, टीव्ही. सुतकात दाढी करत नाहीत. मी रोज गुळगुळीत दाढी करत होतो. सुतक पाळावं किंवा पाळू नये, असं काही ठरवलंच नव्हतं. ते आठवलंच नाही. आमच्या घरी आई याबाबतीत कडक होती. धारवाडकडचा कुणी चुलत-चुलत आजोबा गेला तरी सुतक फिटेपर्यंत देवळाच्या पायरीला पाय लागू द्यायची नाही. अण्णा तिची थट्टा करायचे, देवाला काय माणसं मेलेली माहीत नाहीत का, म्हणायचे. आणि गपचूप पाळायचे.

विभागप्रमुख हे साठीला टेकलेले, बुटके, रुंद गृहस्थ. इंग्रजीचे मोजके शब्द त्यांना येत आणि ते फार विचार करून एकेक खर्च करत. शिकवायचे ते माझं मनगट धरून. चुकलं की मनगट सोडून द्यायचे, तेवढाच राग. रविवारी आम्हा परदेशी शिकाऊंना ते जवळच्या डोंगरावर किल्ला बघायला नेणार होते. आम्ही तिघं होतो: मी, एक थायलंडचा आणि एक इंडोनेशियाचा. दोघंही माझ्यापेक्षा तरुण आणि सतत फोटो काढणारे. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून मी हो म्हणालो.

विभागप्रमुखांनी गळ्यात टॉवेल टाकला होता आणि पाठीवर मोठी पिशवी घेतली होती. डोंगराच्या पायथ्याशी एका पिंपात बांबूच्या काठ्या ठेवल्या होत्या. ज्यानं त्यानं घ्यायची आणि उतरल्यावर परत ठेवायची. कुणी राखण करायला नव्हतं. यशवंतपुरात हे पिंपसुद्धा दुसऱ्या दिवशी राहिलं नसतं, असं माझ्या मनात आलं. असले विचार मात्र त्या आठवड्यात अगदी नीट येत होते. उंच सरळ झाडांतून वाट वर जात होती, खाली झाडांच्या सुयांचा जाड थर, पावलांचा आवाजच होत नव्हता.

जपानी किल्ला म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कॅलेंडरवरचा यायचा, पांढरा, मजल्यावर मजले, कोपरे वर वळलेले. अर्ध्या तासानं विभागप्रमुख एका सपाट मोकळ्या जागी थांबले, काठी जमिनीवर टेकली आणि म्हणाले, "कॅसल."

आम्ही तिघांनी इकडेतिकडे पाहिलं. थायलंडवाल्यानं विचारलं, "व्हेअर?"

"हिअर," ते म्हणाले. हात गोल फिरवून पुन्हा म्हणाले, "ऑल, हिअर."

किल्ला म्हणजे एवढंच होतं. डोंगर कापून केलेल्या सपाट जागा, एकीवर एक, पायऱ्यांसारख्या. मधे खोल कोरडे चर, त्यांत आता झाडं वाढलेली. एका बाजूला दगडांची भिंत, चुन्याशिवाय रचलेली, निम्मी ढासळलेली, शेवाळानं हिरवी. गच्च बुजलेली एक विहीर आणि तिच्याभोवती दोरी. इमारत एकही नाही. लाकडाची होती, पाचशे वर्षांपूर्वी जळाली, असं त्यांनी हातांनी आणि तोंडानं जाळाचा आवाज काढून सांगितलं. मग त्यांना हुरूप आला. हा दरवाजा. शत्रू खालून येणार, इथे वळणार, वळला की वरून दगड. ते एकदा शत्रू व्हायचे, धापा टाकत चढायचे. मग वर जाऊन किल्लेदार व्हायचे आणि नसलेले दगड ढकलायचे. शेवटी शत्रूनं पाणी तोडलं. "ऑल डाय," ते म्हणाले आणि हसले. शब्द अपुरे पडले की माणूस हसतो, तसं. मीही हसलो.

अण्णा इथे असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. मी ते वाक्य मनातल्या मनात त्यांच्याच आवाजात म्हणून पाहिलं: हे काय किल्ले! किल्ले आपल्याकडचे. जीभ जिथे सुन्न झालेली असते तिथे दातानं दाबून बघावं, तसं दोन-तीनदा म्हणून पाहिलं. काहीच झालं नाही. किल्ला बघितला, आता हे कुणाला सांगायचं नाहीये, असंही मनात आलं. तेही नुसती माहिती म्हणून.

ढासळलेल्या भिंतीवर बसून आम्ही जेवलो. विभागप्रमुखांच्या बायकोनं डबा दिला होता. झाकण काढलं तर आत भाताचे मुठीएवढे गोळे, ओळीनं मांडलेले. घरचं माणूस गेल्यावर असे गोळे कशासाठी वळतात ते आमच्याकडे कुणालाही विचारा. माझ्या हातात एक आला, मी त्याच्याकडे पाहिलं आणि खाल्ला. आत काहीतरी आंबट होतं. दुसराही खाल्ला. त्यांनी विचारलं, गुड? मी म्हणालो, गुड.

मग सगळ्यात वरच्या सपाटीवर निघालो. तिथे एक छोटं देऊळ होतं, किल्ल्यात मेलेल्यांसाठी गावानं नंतर बांधलेलं. देवळाच्या अलीकडे, वाटेवरच, लाकडी कमान उभी होती. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, तांबडा रंग बराचसा उडालेला. दार नाही, भिंत नाही, नुसती कमान. तिच्या पलीकडे देवाची जागा सुरू होते एवढंच सांगणारी. दोघं तरुण फोटो काढत तिच्यातून आत गेले. विभागप्रमुख कमानीपाशी थोडे वाकले आणि गेले. मी त्यांच्या मागोमाग होतो.

माझे पाय थांबले. मी थांबवले असं म्हणता येणार नाही. देवावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. मनात आई नव्हती, सुतक नव्हतं, काही नव्हतं. आठवडाभर दाढी केली होती, भाताचे गोळे खाल्ले होते, हसलो होतो. पण कमानीच्या अलीकडे पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले, आणि मला समजलं की मी आत जाणार नाही.

विभागप्रमुखांनी हात धुवायच्या कुंडापाशी पोचल्यावर मागे वळून पाहिलं. यायची खूण केली. मी मान हलवली. ते परत आले.

"लेग?" त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट केलं.

"नो."

त्यांनी विचार केला. "हिंदू... नो गुड?"

"नो, नो. गुड," मी म्हणालो.

ते कमानीच्या आत उभे होते, मी बाहेर. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी लांब कुठेतरी, झाडांच्या पलीकडे हात केला. "युअर हाऊस," ते म्हणाले. "समबडी..." आणि तळहात पालथा करून जमिनीच्या दिशेनं खाली नेला.

इतके दिवस घोळवलेलं वाक्य त्या वेळीही आलं नाही. एकच शब्द आला. "फादर."

"व्हेन?"

"धिस वीक."

ते कमानीतून बाहेर आले, माझ्या बाजूला. गळ्यातला टॉवेल काढला. कमानीकडे बोट करून म्हणाले, "जपान, सेम. हाऊस, समबडी डाय, नो गो." पुन्हा एकदा म्हणाले, "सेम." आणि मग माझ्यासमोर कमरेतून खाली वाकले. बराच वेळ वाकलेले होते. त्यावर काय करायचं असतं मला माहीत नव्हतं. मीही वाकलो, वेडावाकडा.

रडू तेव्हाही आलं नाही. पण थंडी वाजायला लागली. थंडी सकाळपासूनच असणार, कारण बाकी सगळ्यांनी जाड कपडे घातले होते; मला ती तेव्हा लागली. दात वाजायला लागले. त्यांनी पिशवीतून स्वतःचं जाकीट काढून माझ्या पाठीवर टाकलं आणि दोघंही एका दगडावर बसलो. आत त्या दोघांनी घंटा वाजवली, टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख देवळात गेले नाहीत.

"गो होम," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"ट्रेनिंग," मी म्हणालो. आणि मग सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं, "फादर सेड, फिनिश."

त्यांनी डोळे मिटून शब्द जुळवले. "फादर से, बिफोर," ते म्हणाले. "मदर? मदर से, व्हॉट?"

आई काय म्हणते, हे मला ठाऊक नव्हतं. भटजी काय म्हणतात ते कळलं होतं, काका काय म्हणतो ते कळलं होतं, अण्णा काय म्हणून गेले ते तर पाठच होतं. आईला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही.

संध्याकाळी काकाचा फोन आला तेव्हा विभागप्रमुख वसतिगृहाच्या ऑफिसात माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. मी विचारलं, "आई काय म्हणते?"

"ती काय बोलतच नाही रे," काका म्हणाला. "कुणाशीच नाही. जेव म्हटलं की जेवते, नीज म्हटलं की निजते."

"येतो मी," मी म्हणालो.

पुढचं सगळं जपानी लोकांनी माझ्या अंदाजाप्रमाणेच भराभर केलं. शिक्षण अर्धंच राहिलं. मालकांनी पुढच्या वर्षी त्या दोघा जुन्यांपैकी एकाला पाठवलं आणि तो चांगलं शिकून आला. त्याच्या हाताखाली मी काही वर्षं काम केलं. सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी बेंगळुरूला पोचलो. रिक्षावाल्यानं यशवंतपूरला यायचं वरचे पैसे मागितले, मी हुज्जत घातली नाही. दारात काका उभा होता, डोक्याचा गोटा केलेला, त्यामुळे क्षणभर ओळखलाच नाही. हातपाय धुऊन आत गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला बघून काही बायका रडायला लागल्या. आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून चटईवर बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. ती रडेल, किंवा अण्णा कसे गेले ते सांगेल, असं मला वाटलं होतं. सगळ्या बायकाही त्याचीच वाट बघत असाव्यात, कारण खोली एकदम शांत झाली.

आई माझ्याकडे बघत होती. आवाज बरेच दिवस वापरलेला नसावा, तो आधी फुटलाच नाही.

"तुला तिकडे कळलं," ती म्हणाली, "तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं का?"

ती इतके दिवस गप्प बसून हेच धरून बसली होती, हे मला तेव्हा कळलं. नवरा गेलेली बाई. खरं उत्तर नाही असं होतं. पण तेही पूर्ण खरं नव्हतं.

"होतं गं. एक जण होता."

"आपल्यातला?"

"नाही. तिथलाच."

"मग त्याला काय कळणार," आई म्हणाली.

"त्याला कळलं, आई," मी म्हणालो, आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं तर त्यातून मोठ्यानं रडूच आलं.